चाराचे सोळा, सोळाचे पुन्हा चार

एक कागद घ्या आणि त्यावर ४ लिहा. हा आपला गुप्त निरोप. आता ४ चा सातवा घात काढा, म्हणजे सात वेळा ४ मांडून त्यांचा गुणाकार करा. उत्तर येतं १६,३८४. त्याला ३३ ने भागा आणि फक्त बाकी जवळ ठेवा. बाकी उरते १६. हे १६ जगाला ओरडून सांगितलं तरी चालेल. ज्याच्यासाठी निरोप आहे तो १६ चा घन करतो, ४,०९६. त्यालाही ३३ ने भागतो. बाकी उरते ४. निरोप सुखरूप पोचला.

जरा थांबून पाहा, इथे काय घडलं ते. निरोप बंद करायला ७ आणि ३३ हे आकडे लागले. ते चव्हाट्यावर लिहून ठेवले तरी बिघडत नाही. ही झाली सार्वजनिक चावी. निरोप उघडायला लागला ३ हा आकडा, आणि तो एकाच माणसाजवळ आहे. ही त्याची खासगी चावी. बंद करण्याची रीत सगळ्यांना माहीत, उघडण्याची एकालाच! ३३ चे अवयव ३ आणि ११ आहेत हे आपल्याला चटकन दिसतं, आणि त्यावरून उघडण्याचा आकडा काढता येतो. (तो इथे ३ च निघाला हा योगायोग.) पण ३३ च्या जागी दोन अवाढव्य मूळ संख्यांचा ६१७ अंकी गुणाकार घेतला, तर त्याचे अवयव शोधण्याची सोपी वाट आजवर कुणालाही सापडलेली नाही. गुणाकार क्षणात होतो, उलटा प्रवास जगभरच्या संगणकांना झेपत नाही. एन्क्रिप्टेड, म्हणजे कूटबद्ध ईमेलचा डोलारा अशाच विषमतेवर उभा राहिला.

ही कल्पना किती उलटी आहे हे कळायला आपल्याच भागातला जुना बाजार आठवावा. मध्य भारतातल्या कापसाच्या आणि गुरांच्या बाजारात पूर्वी हत्ता पद्धत चालायची. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळे. पण त्यासाठी हातात हात हवा. हजारो वर्षं सगळ्या गुप्त लेखनाची हीच अट होती. दोघांनी आधी कधीतरी भेटून, किंवा विश्वासू माणूस धाडून, खूण ठरवून घ्यायची. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही अट मोडता येईल असं दाखवलं. पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लिओनार्ड एडलमन यांनी वरचं गणित मांडलं. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांना हीच रीत १९७३ मध्येच सुचली होती, पण ती इतकी गुप्त राहिली की जगाला १९९७ मध्ये कळली.

आरएसएच्या जनकांनी १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येने बंद केलेला एक निरोप छापून वाचकांना आव्हान दिलं. तो उघडायला चार कोटी अब्ज वर्षं लागतील असा अंदाज होता. तो १९९४ मध्ये उघडला. इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० जणांनी आपापले संगणक कामाला लावले होते. २०२० मध्ये २५० अंकी संख्येपर्यंत मजल गेली. ६१७ अंक त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

म्हणजे कुलूप भक्कम आहे. तरीही आदिलाबादेत, यवतमाळात, नागपुरात रोज पाठवल्या जाणाऱ्या ईमेलपैकी या रीतीने बंद केलेली ईमेल शोधून सापडायची नाही. असं का? उत्तर फार उद्बोधक आहे, कारण ते गणितात कुठेच नाही.

पत्र कुठे कुठे उघडतं

आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिण काठाला आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि उर्दू, गावाबाहेर पडलं की गोंडी आणि कोलामी, अशी इथली बोलण्याची रीत. काम सरकारी असेल तर हैदराबाद, आणि दवाखाना, सोयरीक, व्यापार यांसाठी नागपूर-यवतमाळ. समजा, आदिलाबादेतल्या एका शिक्षिकेला आईचे तपासणी अहवाल नागपूरच्या डॉक्टरांना पाठवायचे आहेत. ती नेहमीसारखी ईमेल करते. तिच्या लॅपटॉपपासून ईमेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची वाट आज बहुधा कूटबद्धच असते. दोन सर्व्हरमधली वाटही तशीच. पण प्रत्येक मुक्कामी पत्र उघडतं आणि पुढच्या वाटेसाठी पुन्हा बंद होतं. मुक्कामाच्या मालकाला ते वाचता येतं, आणि त्या मुक्कामी घुसलेल्या चोरालाही.

टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध ईमेल म्हणजे पत्र शिक्षिकेच्या लॅपटॉपवर बंद होतं आणि डॉक्टरांच्या संगणकावरच उघडतं. मधल्या सर्व्हरना अक्षरांचा नुसता गोळा दिसतो. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये प्रिटी गुड प्रायव्हसी, म्हणजे पीजीपी, हा प्रोग्राम लिहिला आणि सामान्य माणसाच्या हाती ही ताकद आली. अमेरिकेत तेव्हा असं कुलूप परदेशी पाठवणं शस्त्रांच्या निर्यातीत मोडे. झिमरमन यांची चौकशी १९९३ मध्ये सुरू झाली आणि १९९६ मध्ये खटला न भरता थांबली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एमआयटी प्रेसने तो संपूर्ण प्रोग्राम पुस्तकरूपात छापला. सॉफ्टवेअर शस्त्र ठरत होतं, पण छापील पुस्तकाला कोण अडवणार? पुढे वेर्नर कॉख यांनी जीएनयू प्रायव्हसी गार्ड, अर्थात जीपीजी, तयार केलं. ते आजही कुणालाही फुकट मिळतं.

बारा माणसं आणि दीड तास

आल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी १९९९ मध्ये एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. ईमेल वापरायची सवय असलेल्या १२ जणांना पीजीपीची तेव्हाची नवी, चकचकीत आवृत्ती दिली आणि सांगितलं, दीड तासात एक गुप्त निरोप सही करून, बंद करून पाठवा. जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते जमलं. तिघांनी तर गुप्त निरोप उघडाच पाठवून दिला. ही माणसं अडाणी नव्हती. प्रोग्राम त्यांच्याकडून अशी एक समज गृहीत धरत होता, जी कुणाच्याच रोजच्या आयुष्यात नसते. निरोप बंद करायला माझी चावी लागत नाही, समोरच्याची सार्वजनिक चावी लागते. आणि सही करायला मात्र माझी खासगी चावी लागते. वरचं ४ आणि १६ चं गणित केलेल्या वाचकाला हे पटतं, पण घाईच्या वेळी बोट चुकीच्या बटणावर पडतंच.

२०१२ च्या डिसेंबरात, अमेरिकी सरकारच्या पाळतीची गुपितं पुढे उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना निनावी निरोप पाठवला आणि आधी पीजीपी बसवून घ्या, अशी विनंती केली. ग्रीनवाल्ड यांना ते किचकट वाटलं आणि काम राहून गेलं. अखेर स्नोडेन यांनी माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याशी संपर्क साधला. या शतकातली एक सर्वांत मोठी बातमी चावी बनवण्याच्या कंटाळ्यामुळे काही महिने अडकून पडली!

रोजच्या वापरातल्या अडचणी

आता आपल्या शिक्षिकेकडे परत जाऊ. तिने चावी बनवली. पहिली अडचण म्हणजे डॉक्टरांनीही चावी बनवायला हवी. हे कुलूप एकट्याने लावता येत नाही.

दुसरी अडचण: पत्राचा मजकूर बंद झाला, पण कुणी, कुणाला, कधी पाठवलं हे उघडंच राहतं, कारण त्याशिवाय सर्व्हर पत्र पोचवणार कसं? विषयाची ओळही बहुतेक ठिकाणी उघडीच असते. विषयात ‘आईचा बायोप्सी रिपोर्ट’ असं लिहिलं की आतलं कुलूप कशासाठी, असा प्रश्न पडतो.

तिसरी: सहा महिन्यांनी तिला जुना अहवाल शोधायचा आहे. ती ईमेलच्या शोधपट्टीत ‘हिमोग्लोबिन’ लिहिते आणि काहीच सापडत नाही. साहजिक आहे. सर्व्हरला जे वाचता येत नाही, ते त्याला शोधताही येत नाही. त्याच कारणाने स्पॅमची चाळणीही आंधळी होते.

चौथी: चावी लॅपटॉपवर आहे आणि ती प्रवासात फोनवर पत्र उघडते. फोनवर चावी न्यायची तर फोन हरवण्याची धास्ती, न न्यायची तर पत्र वाचता येत नाही. आणि मीसेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात, जिथे आपण ‘तुमच्या आयडीवर मेल करतो, प्रिंट काढून द्या’ म्हणतो, तिथे दहा जणांच्या हाताखालच्या संगणकावर खासगी चावी ठेवणं म्हणजे ती वाटून टाकणं. लहान गावांत ईमेल अशा सामाईक यंत्रांवरूनही जातं.

पाचवी अडचण सगळ्यांत दुखरी. डॉक्टर उत्तर देतात, खाली शिक्षिकेचं सगळं पत्र आपोआप जोडलेलं असतं, आणि उत्तर बंद करायला ते विसरतात. एका क्षणाच्या विसराने मागची सारी पत्रं उघडी पडतात. २०१८ मध्ये जर्मनी आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी ‘ईफेल’ नावाचा हल्ला दाखवला. त्यात कुलूप न तोडताच ईमेल प्रोग्रामला फसवून उघडलेला मजकूर बाहेर पाठवायला लावता येत होता. दोन्ही वेळा गणित जागच्या जागी शाबूत होतं.

दिसायला एक, आतून दोन

मराठी माणसासाठी यात आणखी एक खास वळण आहे, आणि ते मला अतिशय विलक्षण वाटतं. खासगी चावी संगणकावर एका सांकेतिक वाक्याने बंद करून ठेवतात. वाक्य लांब असावं आणि आपल्या लक्षात राहावं, म्हणून कुणी ते मराठीत ठेवलं आणि त्यात ‘वऱ्हाड’ हा शब्द आला, असं समजा. पैनगंगेकाठच्या माणसाला तो शब्द सहज सुचेल.

आता हा शब्द संगणकात कसा साठतो ते जवळून पाहू. काही कळफलकांवर तो व, ऱ, हलन्त, ह, काना, ड असा सहा खुणांचा होतो. काहींवर मात्र व, साधा र, हलन्त, एक न दिसणारी जोडखूण, ह, काना, ड असा सात खुणांचा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. त्याच अर्ध्या ‘र’सह. पण युनिकोडच्या रूढ साठवणीत यातली प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणून पहिला ‘वऱ्हाड’ १८ बाइटचा आणि दुसरा २१ बाइटचा. कुलपाला शब्दाचं रूप दिसत नाही, त्याला फक्त बाइट दिसतात. लॅपटॉपवर ठेवलेलं वाक्य फोनवर टाइप केलं की ‘चुकीचं’ ठरतं. टाइप करताना पडद्यावर नुसते ठिपके उमटत असल्याने चूक डोळ्यांना दिसण्याचीही सोय नाही. ‘पऱ्हाटी’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, सगळ्यांची हीच गत. आपली लिपी या व्यवस्थेत नेताना ही काळजी आपणच घ्यायला हवी. सांकेतिक वाक्यात हा अर्धा र नको, आणि ठरवलेलं वाक्य दोन्ही यंत्रांवर उघडून पाहिल्याशिवाय खरी चावी त्याच्या हवाली करू नये.

हीच चावी टेबलाच्या खणात

हे सगळं दूरचं वाटत असेल तर कोणत्याही कंत्राटदाराच्या किंवा कर सल्लागाराच्या टेबलाचा खण उघडून पाहा. यूएसबीमध्ये खोचायचं ते छोटं टोकन, म्हणजे डिजिटल सिग्नेचर, त्यात खासगी चावीच असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने हे गणित आपल्या देशात कायद्याच्या भाषेत आणलं. ई-निविदा, कंपन्यांची कागदपत्रं, जीएसटीचे अर्ज यांवर याच रीतीने सही होते. चावी कुणाची आहे याची ग्वाही परवानाधारक संस्था देते, आणि त्या संस्थांवर केंद्राचे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक असतात.

पण टोकन असतं कुणाकडे? बऱ्याचदा ऑपरेटरकडे, पिनसकट. मालकाला दर वेळी कोण बोलावणार? म्हणजे जगातलं एक भक्कम कुलूप, आणि चावी शेजाऱ्याकडे. सोयीपुढे गणिताचा टिकाव लागत नाही, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं.

आदिलाबाद जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली आहे, जी या विषयाची दुसरी बाजू दाखवते. नारनूर मंडळातल्या गुंजाला गावात गोंडी हस्तलिखितं जपून ठेवलेली होती. ती साधारण १७५० च्या आसपासची मानली जातात. त्यांची लिपी वेगळीच. या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा ती वाचू शकणारे गावात मोजकेच वृद्ध उरले होते. ही लिपी गुपित राखायला बनलेली नव्हती, ती वाचण्यासाठीच होती. तरी वाचणारे संपत चालले तसे कागद मुके होऊ लागले. वेळीच ती शिकवली गेली, आणि २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आज ती कोणत्याही संगणकावर लिहिता येऊ शकते.

कूटबद्ध ईमेल वापरणाऱ्याने ही गोष्ट मनावर घ्यावी. गुंजालाच्या लिपीला वृद्ध वाचक होते. हरवलेल्या खासगी चावीला कुणीच नसतं. सांकेतिक वाक्य विसरलं, लॅपटॉप जळाला, माणूस अचानक गेला, तर त्याची सगळी पत्रं कायमची गेली. ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं बटण इथे नसतं, कारण ते असतं तर त्या बटणाच्या मालकालाही पत्रं उघडता आली असती. म्हणून चावीची एक प्रत घराबाहेर सुरक्षित ठेवणं आणि ‘ही चावी आता रद्द’ असं जाहीर करणारं प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी बनवून ठेवणं, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

मग व्हॉट्सअॅपला कसं जमतं?

व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये साऱ्या संभाषणांना टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप लावलं आणि वापरणाऱ्याला त्यासाठी काहीच करावं लागलं नाही. हेच ईमेलला का जमू नये? कारण व्हॉट्सअॅपची दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या हातात आहेत. कुणाची चावी कोणती हे तीच सांगते, आणि आपण ते मुकाट्याने मानतो. ईमेल कुणाच्याच मालकीचं नाही. कुठल्याही कंपनीचा पत्ता कुठल्याही कंपनीच्या पत्त्याशी बोलू शकतो, पन्नास वर्षं जुनी ही व्यवस्था कुणाला बंद करता येत नाही. हे तिचं थोर वैभव. पण मालक नाही, म्हणून चावीची ग्वाही देणाराही नाही. सार्वजनिक चाव्या ठेवणारे खुले सर्व्हर होते, तिथे कुणीही कुणाच्याही नावाने चावी ठेवू शके. २०१९ मध्ये काहींच्या चाव्यांवर इतक्या खोट्या सह्या लादल्या गेल्या की त्या उतरवून घेताच प्रोग्राम कोलमडत.

म्हणजे डिफी-हेलमननी भेटीची अट मोडली खरी, पण ती दुसऱ्या दाराने परत आली. गुप्त खूण ठरवायला भेटण्याची गरज उरली नाही. पण ही चावी डॉक्टरांचीच आहे, त्यांच्या नावाने तिसऱ्याने ठेवलेली नाही, हे पटायला त्यांचा आवाज तरी ऐकावा लागतो. त्यासाठी प्रत्येक चावीला ठसा असतो. अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं मिळून सहसा ४० चिन्हं. दोघांनी फोनवर ती वाचून ताडून पाहायची. करून पाहा म्हणजे कळेल. बी, डी आणि ई एकमेकांत मिसळतात, गाडीच्या हॉर्नमध्ये एखादं चिन्ह गळतं, आणि विसाव्या चिन्हाला माणूस ‘हो, बरोबर आहे’ म्हणून मोकळा होतो. सगळ्या साखळीतली सर्वांत नाजूक कडी हीच आहे.

आणि इथे एक देखणी युक्ती आधीच तयार आहे. पॅट्रिक जुओला आणि झिमरमन यांनी १९९५ मध्ये ५१२ इंग्रजी शब्दांची यादी केली. ठशातल्या चिन्हांची दर जोडी म्हणजे एक शब्द, त्यामुळे ४० चिन्हांचे २० शब्द होतात. सम जागांसाठी दोन उच्चारखंडांचे २५६ शब्द, विषम जागांसाठी तीन उच्चारखंडांचे २५६. लय दोन-तीन, दोन-तीन अशी चालते. मध्ये एखादा शब्द गळला किंवा जागा बदलली की लय तुटते आणि कानाला लगेच खटकतं.

मराठीत हे किती सुरेख होईल! नदी, माती, पाणी, शेणी. कपाशी, पळस, तिफण, गोफण. दोन अक्षरी आणि तीन अक्षरी शब्दांची आपल्याकडे काय वाण आहे? एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ऐकू येणारे, तेलुगू किंवा गोंडी घरात वाढलेल्या माणसालाही ओळखीचे वाटणारे ५१२ शब्द निवडायचे. एखाद्या महाविद्यालयातल्या भाषा विभागाने आणि संगणक विभागाने मिळून एका सत्रात करावं असं हे काम आहे. त्याला ना निधी लागतो ना परवानगी. मग आदिलाबादेतली शिक्षिका नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावून २० मराठी शब्द वाचेल, तेही तिकडे आपल्या पडद्यावरचे वाचतील, आणि अर्ध्या मिनिटात दोघांची खात्री पटेल. अवघड भाग गणितज्ञांनी १९७७ मध्येच करून ठेवला. राहिलेला भाग आपल्या भाषेचा आहे, आणि तो आपल्याला जमण्यासारखा आहे.